स्ट्रोकनंतर रोबोटवर चालण्याचा व्यायाम: पैसे कधी घालावेत, कधी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 61 वर्षांचे. सात आठवड्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली आणि उजवं अंग गेलं. हात अजून लुळाच आहे, पाय गादीवर थोडाफार दुमडतात. आधाराने बसतात, दोघांनी दोन बाजूंनी धरलं तर मिनिटभर उभे राहतात. पाऊल मात्र टाकता येत नाही. बोललेलं कळतं, शब्द सापडत नाहीत. घर सोलापूरला. पुण्यातल्या एका केंद्राने रोबोटवर चालवण्याच्या 24 सत्रांचं पॅकेज सांगितलंय, पैसे आगाऊ. मुलगा विचारतोय की हे करावं, की हा नुसता पैसे काढायचा धंदा आहे?

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. तुमच्या वडिलांच्या अवस्थेतल्या पेशंटला या यंत्राचा उपयोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून हो, करून बघण्यासारखं आहे. पण 24 सत्रांचे पैसे एकदम भरू नका. आणि रोबोटच्या जोडीला रोज फिजिओच्या हातून व्यायाम मिळणार नसेल, तर त्या केंद्राच्या वाटेला जाऊ नका.

हे यंत्र मुळात कशासाठी निघालं ते कळलं की त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची तेही कळतं. 1990 च्या दशकात झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या पेशंटना पट्ट्यांनी वर टांगून ट्रेडमिलवर चालवत असत. दोन्ही बाजूंना एकेक फिजिओ खाली बसून पेशंटचे पाय हाताने उचलून पुढे टाकायचा. थोड्याच वेळात पेशंटच्या आधी फिजिओची कंबर हार मानायची. तिथल्या गेरी कोलोंबो या इंजिनिअरने फिजिओच्या हातांच्या जागी मांडीला आणि नडगीला बांधायच्या मोटारी बसवल्या. तेच पुढे होकोमा कंपनीचं लोकोमॅट झालं. त्याच सुमारास बर्लिनमध्ये स्टेफान हेसे या न्यूरॉलॉजिस्टने दुसरी वाट धरली. त्याच्या यंत्रात पेशंट दोन फूटप्लेटवर उभा राहतो आणि त्या प्लेटच पाऊल उचलल्यासारख्या फिरतात. आजही बाजारातली बहुतेक यंत्रं या दोनपैकी एका घराण्यातली. पहिल्या प्रकारात खुबा आणि गुडघा दोन्ही यंत्राच्या ताब्यात असतात. दुसऱ्यात गुडघा मोकळा असतो, त्यामुळे तो मागे जातो का, वाकून बसतो का, हे बघायला फिजिओला समोर बसावंच लागतं. आता भारतातही यंत्रं बनतात. गटारं साफ करणारा बॅंडिकूट रोबोट बनवणाऱ्या केरळच्या जेनरोबोटिक्सनेच जी-गेटर नावाचं चालण्याचं यंत्र काढलंय.

म्हणजे यंत्राने सोडवलेला प्रश्न मुख्यतः मेहनतीचा आणि संख्येचा होता. ही संख्या काय असते ते बघा. 2009 साली अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांमध्ये स्ट्रोकच्या पेशंटची थेरपी प्रत्यक्ष बसून मोजली, तेव्हा चालण्याच्या एका सत्रात सरासरी 357 पावलं भरली. त्यात बऱ्यापैकी चालू शकणारेही होते. ज्याला दोघांनी धरून उभं करावं लागतं, त्याची पावलं पन्नासाच्या आत संपतात. तोवर धरणारे दमतात. यंत्रावर ताशी दीड किलोमीटरने 20 मिनिटं चालवलं तर अर्धा किलोमीटर होतो, म्हणजे हजाराच्या आसपास पावलं. फरक आहे तो इथे.

नुसती संख्याही नाही. चालताना एक पाय शरीराच्या मागे गेला की खुब्याच्या पुढचा भाग ताणला जातो, आणि तो ताण व त्या पायावरून हटणारं वजन हेच पुढचं पाऊल उचलण्याचा इशारा असतात. लकव्याच्या पायाला हा इशारा मिळतच नाही, कारण घरचे पेशंटला धरून चालवतात तेव्हा आजारी पाय मागे जाण्याआधीच ओढून पुढे घेतात. यंत्र तो पाय प्रत्येक वेळी न कंटाळता मागे नेतं. पलंगावर पाय वरखाली करून हे मिळत नाही.

पुरावा कुठे भक्कम आहे? जर्मनीत 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्ट्रोकला फार दिवस न झालेले आणि स्वतः चालू न शकणारे 155 पेशंट होते. निम्म्यांना रोज 20 मिनिटं फूटप्लेटचं यंत्र आणि 25 मिनिटं फिजिओ, उरलेल्यांना पूर्ण 45 मिनिटं फिजिओ. आठवड्यात पाच दिवस, चार आठवडे. शेवटी यंत्राच्या गटात 77 पैकी 41 जण कुणाच्या मदतीशिवाय चालू लागले, दुसऱ्या गटात 78 पैकी 17. एकूण वेळ दोन्हीकडे सारखाच होता, हे लक्षात घ्या. पुढे 2020 मध्ये, जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात 62 चाचण्या आणि 2,440 पेशंट एकत्र केले, तेव्हाही सूर हाच निघाला: फिजिओथेरपीच्या जोडीला यंत्र दिलं तर स्वतंत्र चालण्याची शक्यता वाढते, आणि फायदा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांतल्या व चालू न शकणाऱ्या पेशंटना होतो. तुमचे वडील दोन्ही अटींत बसतात. केंद्राच्या माहितीपत्रकात मात्र ‘जोडीला’ हा शब्द बहुतेक वेळा गायब असतो.

आता उलटी बाजू. अमेरिकेत 2009 मध्ये 63 पेशंटवर लोकोमॅट आणि नेहमीची थेरपी यांची तुलना झाली. हे पेशंट थोडंफार चालू शकणारे होते. तिथे वेग आणि अंतर दोन्हींत नेहमीच्या थेरपीचा गट पुढे गेला. मला याचं नवल वाटलं नाही. जो पेशंट कसाबसा का होईना पण पाऊल टाकतो, त्याची खरी अडचण तोल आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन नेणं ही असते. पट्ट्यांनी बांधलेल्या माणसाला तोल सांभाळायचं कामच उरत नाही. जुन्या यंत्रांत तर कंबर बाजूला सरकायलाही जेमतेम जागा असते. म्हणून कुणी काठी घेऊन घरातल्या घरात फिरणारे, स्ट्रोकला दोन वर्षं झालेले वडील घेऊन आले आणि रोबोटबद्दल विचारलं, तर मी सरळ नको म्हणते. त्यांनी ते पैसे चांगल्या फिजिओवर, पावलासाठी नीट बसणाऱ्या स्प्लिंटवर आणि बाथरूममधल्या दांड्यांवर घालावेत.

तुमच्या बाबतीत घड्याळही बघायला हवं. कोपनहेगनमध्ये 800 हून अधिक पेशंटवर झालेल्या पाहणीत 95 टक्के लोकांची चालण्याची क्षमता स्ट्रोकनंतर 11 आठवड्यांच्या आत जिथवर जायची तिथवर पोचली होती. याचा अर्थ त्यानंतर दार बंद होतं असा नाही; सहा महिन्यांनी पहिलं पाऊल टाकलेले पेशंट मी पाहिलेत. पण चढाचा काळ आत्ता चालू आहे. ‘आधी आयुर्वेदिक मालिश महिनाभर करून बघू, मग ठरवू’ असं घरात कुणी म्हणत असेल तर तो महिना फार महागात जाईल.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते सांगते. पेशंट यंत्रावर असताना स्क्रीनवर तीन आकडे असतात: वेग, पट्ट्यांनी उचललेलं वजन आणि यंत्राची मदत किती टक्के. लोकोमॅटमध्ये ही मदत शंभर टक्क्यांपासून शून्यापर्यंत, डाव्या-उजव्या पायाला वेगवेगळी लावता येते. शंभरवर ठेवली की पेशंट झोपला तरी पाय सुरेख चालतात. अशा खोल्या मी पाहिल्यात: पेशंट पट्ट्यांत लटकून समोरच्या टीव्हीवर मालिका बघतोय, ऑपरेटर मोबाइलमध्ये, आणि मशीन चालतंय. सत्र संपलं की छापील रिपोर्ट निघतो, ‘आज 1,100 पावलं, 560 मीटर’, आणि तो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो. ही पावलं मोटारीची. मेंदू प्रयत्न करायचं लवकर सोडतो; कुणी काम करून देतंय म्हटल्यावर स्नायूंना दिला जाणारा हुकूमच थांबतो. पुन्हा शिकणं होतं ते पेशंटने जोर लावला आणि थोडं चुकलं तेव्हा.

म्हणून पहिल्या सत्राला तुम्ही स्वतः यंत्राशेजारी उभे राहा आणि हे तीन आकडे वहीत उतरवा. साधारण सुरुवात 40-50 टक्के वजन उचलून, मदत शंभर किंवा त्याच्या जवळ, वेग कमी, अशी असते. पहिल्या एक-दोन सत्रांत तेच बरोबर आहे. पाच-सहा सत्रांत वजनाचा आणि मदतीचा आकडा खाली आला पाहिजे. किती खाली, याला ठरलेला नियम नाही. गुडघा वाकून बसेल किंवा बोटं घासतील त्याच्या अलीकडे थांबायचं, आणि ती हद्द दर वेळी तपासायची. सहा सत्रांनंतरही तेच आकडे असतील आणि ‘का?’ या प्रश्नाला नीट उत्तर मिळत नसेल, तर तुम्ही व्यायामाचे नाही, टांगून ठेवण्याचे पैसे देताय. फिजिओ समोर उभा राहून ‘आता उजवी टाच टेकवा, आता गुडघा उचला’ असं बोलत असेल, स्क्रीनवरची जोर दाखवणारी रेघ वर न्यायला लावत असेल, तर केंद्र चांगलं. वडिलांना शब्द सापडत नाहीत, त्यामुळे सूचना लहान ठेवायला सांगा. ‘थांबवा’साठी डाव्या हाताची एक खूण आधीच ठरवा आणि ती यंत्राबाहेर दोनदा करून घ्या. ही गोष्ट पॅकेज विकणारा कधीच सांगत नाही.

पैसे भरण्याआधी केंद्राला आणखी एक विचारा: 45 मिनिटांच्या सत्रात प्रत्यक्ष चालणं किती मिनिटं? पट्टे बांधायला, मांडीची-नडगीची लांबी जुळवायला पहिल्यांदा अर्धा तासही जातो, सराव झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं. निव्वळ चालणं 20 मिनिटांच्या खाली असेल तर मला ते कमी वाटतं. यंत्रावरून उतरल्यावर काय, हेही विचारा. उतरल्याबरोबर, पायात ती लय असतानाच, पॅरलल बारमध्ये (दोन बाजूंना धरायचे समांतर दांडे) किंवा वॉकर धरून जमिनीवर चालवलं पाहिजे, भले चारच पावलं होवोत. उतरवून थेट व्हीलचेअरवर बसवून पार्किंगमध्ये पाठवणारं केंद्र असेल, तर त्यापेक्षा यंत्र नसलेलं पण दिवसाला दोन वेळा दोन फिजिओ हात लावणारं केंद्र मी निवडेन. तसं केंद्र तुम्हाला सोलापुरातच मिळत असेल तर पुण्याचा विचार न केला तरी चालेल. यंत्राशिवाय माणसं चालायला लागत नाहीत असं काही नाही. वरच्या जर्मन चाचणीतले ते 17 जण यंत्राशिवायच चालले.

आणि सोलापूर-पुणे जाऊन-येऊन करू नका. गाडीत एका बाजूने जवळजवळ अडीचशे किलोमीटर बसून आलेला पेशंट पट्ट्यांत उभा केला की त्याचा दिवस तिथेच संपतो. तीन-चार आठवडे पुण्यात राहायची सोय होत असेल, आठवड्याला पाच सत्रं मिळत असतील, तरच हे जमवा. आठवड्यातून एकदा रोबोट हा निव्वळ उपचाराचा देखावा आहे.

कुणाला यंत्रावर चढवायचं नाही, तेही सांगते. पायाच्या शिरेत गुठळी असेल तर अजिबात नाही. वडील सात आठवडे बहुतांश पडून आहेत, तेव्हा उजवी पोटरी सुजलेली, गरम किंवा दुखरी वाटते का ते बघा आणि शंका असली तर डॉक्टरांना सांगून आधी डॉपलर (शिरेतली गुठळी दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या. न जुळलेलं फ्रॅक्चर, हाडांची फार ठिसूळता, पट्ट्यांच्या जागी जखम किंवा बेडसोअर, खुबा-गुडघा आखडून सरळच न होणं, हृदयाची अस्थिर अवस्था, हीसुद्धा नकाराची कारणं. लोकोमॅटला वजनाची मर्यादा 135 किलो आहे. मधुमेह असेल तर पायाची संवेदना आधीच कमी असते, त्यात लकव्याची भर; पट्टा टोचला तरी पेशंटला कळणार नाही. सत्रानंतर दर वेळी मांडीची आतली बाजू, नडगी आणि घोटा उजेडात बघा. लालसरपणा अर्ध्या तासात गेला नाही तर पुढच्या सत्राआधी पट्ट्याखाली जाड पॅड घालायला लावा.

लुळ्या हाताची काळजी मात्र सगळ्यात जास्त घ्या. छातीचा पट्टा बांधताना घाईत पेशंटला काखेत हात घालून उचलतात, आणि सैल पडलेला खांदा उतरतो. तो दुखायला लागला की महिनोन्‌महिने दुखतो आणि पायाचा व्यायामही मागे पडतो. काखेत धरू नका, कमरेच्या पट्ट्याला धरा. यंत्रावर असताना उजवा हात झोळीत किंवा पुढच्या आधारावर ठेवायला सांगा. बीपी सुरू करण्याआधी, मध्ये आणि संपल्यावर घेतलं पाहिजे. इतके दिवस आडवा असलेला माणूस एकदम उभा टांगला की बीपी उतरतं. जांभया, घाम, चेहरा पांढरा पडणं ही त्याची आधीची लक्षणं.

प्रगती मोजायची ती जमिनीवर. फिजिओ लोक शून्य ते पाच अशी एक श्रेणी वापरतात. शून्य म्हणजे चालताच येत नाही किंवा दोघं लागतात, एक म्हणजे एकाने सतत घट्ट धरावं लागतं, दोन म्हणजे एकाचा हलका हात, तीन म्हणजे हात न लावता नुसतं शेजारी राहणं, चार म्हणजे सपाट जमिनीवर एकटं, पाच म्हणजे जिने-चढासकट कुठेही. वडील आज शून्यावर आहेत. दर शुक्रवारी केंद्राकडून हा आकडा लिहून घ्या. 12 सत्रांत शून्याचा एक किंवा दोन झाला तर उरलेली 12 घ्या. श्रेणी तीच असेल पण आधार न घेता बसणं सुधारलं असेल, उभं राहायला दोनच्या जागी एक माणूस पुरत असेल, तरी पुढे जायला हरकत नाही. यातलं काहीच हललं नसेल तर थांबा. आणि तीन-चारवर पोचले की रोबोट बंद करून जमिनीवरच सगळा वेळ घाला, पॅकेजमधली सत्रं शिल्लक असली तरीही. तिथून पुढे दहा मीटर चालायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा: 25 सेकंद म्हणजे घरापुरतं चालणं, साडेबारा सेकंदांच्या आत आलं की बाजारापर्यंत जाता येतं असं ढोबळमानाने समजतात.

बसण्याचा उल्लेख मुद्दाम केला. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात, पहिल्या 72 तासांत आधाराशिवाय 30 सेकंद बसू शकणारे आणि पायात थोडी ताकद असलेले जवळजवळ सगळे पेशंट सहा महिन्यांनी स्वतंत्र चालत होते. वडिलांचे पहिले 72 तास केव्हाच गेले, पण धडाचा तोल हा चालण्याचा पाया आहे हे बदलत नाही, आणि तो रोबोट शिकवत नाही. तो घरी करता येतो. दिवसातून चार-पाच वेळा पलंगाच्या कडेला, पाय जमिनीला टेकवून, मागे टेकू न देता बसवा. समोर वाटीत शेंगा ठेवा आणि डाव्या हाताने उजव्या गुडघ्यापलीकडून एकेक उचलायला सांगा. वजन आपोआप उजवीकडे जातं. तुम्ही उजव्या बाजूला बसा, म्हणजे तोल गेला तर हाताशी असाल.

दुसरा व्यायाम खुर्चीतून उठण्याचा. खुर्ची उंच घ्या, हवं तर वर घट्ट गादी घाला. उजवं पाऊल डाव्यापेक्षा थोडं मागे ठेवा, नाहीतर सगळं काम डावा पाय करतो आणि उजवा फुकट उभा राहतो. नाक पायाच्या अंगठ्याच्या पुढे येईल इतकं वाकून मग उठायचं. सुरुवातीला दोन माणसं धरायला असू द्या, एकट्याने हा प्रयोग करू नका. पाच-पाचच्या खेपा, दिवसभरात जितक्या होतील तितक्या. जमायला लागलं की खुर्ची बोटभर खाली आणा. पुढे चालायला लागल्यावर स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून आडवी पावलं, मग उंबरठा. रोबोटवर चालताना उंबरठा नसतो, आणि आपल्याकडे लकव्याचे पेशंट पडतात ते बहुतेक उंबरठ्यावर किंवा ओल्या न्हाणीघरात.

हा खर्च तुमच्या विम्यात बसतो का ते बघून घ्या. अनेक पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतरचे 60 किंवा 90 दिवस धरलेले असतात आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी त्यात घेता येते. मुदत संपायला आली असेल म्हणून आजच फोन करा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. खाजगी पॅकेज झेपत नसेल तर आधी तिथे दाखवा.

पहिल्या दिवशी जाताना डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी बरोबर ठेवा. लांब, सैल नसलेली सुती पँट घाला. उघड्या मांडीवर पट्टा घासतो आणि लुंगीवर तो बांधताच येत नाही. गुडघ्याखालपर्यंत येणारे मोजे, मागून बंद असलेले आणि वर्षानुवर्षं वापरून न झिजलेले बूट. जेवण दीड-दोन तास आधी उरकलेलं असावं, बीपीची सकाळची गोळी डॉक्टरांनी बदलली नसेल तर नेहमीच्या वेळी, आणि लघवीला पट्टे बांधायच्या आधी नेऊन आणा, कारण एकदा बांधलं की मध्ये सोडवायला पंधरा मिनिटं जातात आणि ते सत्र गेलंच म्हणून समजा.